ताजं आलं लावलेला मासा तव्यावर फुटतो, बाहेरून पिठूळ होतो: कारण आणि उपाय

आधी तक्रार नीट मांडते, म्हणजे तुमचीही हीच आहे का ते कळेल. सुरमईच्या बोटभर जाड तुकड्या आणायच्या, धुऊन हळद-मीठ लावायचं, मग आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं ताजं वाटण चोपडून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी रव्यात घोळवून तव्यावर टाकायच्या. उलटायला गेलं की वरचा थर उलथन्याला चिकटून निघतो. मधला गाभा छान, पण बाहेरचा भाग पिठल्यासारखा लिबलिबीत. चव उत्तम लागते, पण दाताखाली मासा म्हणून काही येतच नाही.

हे आमच्याकडे दीड-एक वर्ष चाललं. दर वेळी नाही, आणि खरा वैताग तोच होता. एखाद्या रविवारी झकास जमायचं, पुढच्या रविवारी भुगा. गेल्या गटारीला दहा माणसं जेवायला होती आणि ताटात तुकडीऐवजी रव्याची पापडी आणि खाली माशाचा लगदा वाढायची पाळी आली. दिरांनी "वहिनी, ही भुर्जी मस्त झालीय" म्हटलं, ते मी अजून विसरलेले नाही.

संशय कोणाकोणावर घेतला

सर्वात आधी अर्थात मासेवाल्यावर. पुण्यात राहून ताज्या माशाबद्दल फार ताठा मिरवता येत नाही. गणेश पेठेत काय किंवा कॅम्पात शिवाजी मार्केटला काय, समुद्राचा मासा येतो तो बर्फात बसून, घाट चढून. त्यात १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. गटारी नेमकी त्याच सुमाराला येते, त्यामुळे तेव्हा मिळणारा मासा लांबून आलेला किंवा शीतगृहातला असण्याची शक्यता जास्त. म्हणून मी निष्कर्ष काढला, मासा शिळा होता. पण मग ऑक्टोबरात, कल्ले लालभडक बघून, बोट दाबून खळगा पडत नाही याची खात्री करून आणलेल्या सुरमईचीही तीच गत झाली.

मग तवा. बिडाचा काढून नॉनस्टिक घेतला. मासा चिकटायचा बंद झाला, पण लिबलिबीतपणा होता तसाच. मग रवा बदलून तांदळाचं पीठ. मग तेल जास्त. मग नवऱ्याचं दर दोन मिनिटांनी झाकण काढून बघणं बंद केलं. (त्याने फरक पडला नाही, पण स्वयंपाकघरात शांतता लाभली.)

डोकं शेवटी चाललं ते तीन गोष्टी एकापुढे एक मांडल्यावर. एक, याच माशाचं कालवण कधीही बिघडलं नव्हतं. त्यातही आलं होतंच, पण ते फोडणीत परतलेलं. दोन, घाईच्या दिवशी बाटलीतली तयार पेस्ट लावून ठेवली तेव्हाही तुकड्या शाबूत राहिल्या होत्या. तीन, ज्या रविवारी उशिरा उठून अर्ध्या तासात सगळं उरकलं, ते सगळे जमलेले रविवार. म्हणजे मासा, तवा, तेल सगळे निर्दोष. ताजं कच्चं आलं आणि लांबलेला वेळ एकत्र आले की घोटाळा.

सासूबाईंना फोन केला. त्या अलिबागकडच्या. म्हणाल्या, "अगं, आलं दुधाला सोसत नाही, ते तू माशाला रात्रभर लावून ठेवलंस? आम्ही लसूण लावतो, आगळ (कोकमाचा रस) लावतो. आलं लावलंच तर तवा तापत ठेवून लावतो."

दुधाला सोसत नाही! चहात आलं कधी घालायचं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आधी पाण्यात आलं टाकून खळखळून उकळायचं, मग दूध. दुधातच किसून टाकलं आणि हळूहळू तापवलं की चहा फाटतो. तुमचा चहा ज्या कारणाने फाटतो, त्याच कारणाने तुमची सुरमई फुटते.

आत काय होतं

ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. त्याचं नाव झिंजिबेन. कच्च्या पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन त्याचेच भाऊबंद. मटण लवकर शिजावं म्हणून आपण पपईचा तुकडा वाटून लावतो, तेव्हा जे काम पपेन करतं तेच आलं करतं. दुधात ते केसीन नावाच्या प्रथिनाला कातरतं आणि दूध फाटतं. दक्षिण चीनमध्ये तर याचाच फायदा घेऊन गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि खरवसासारखं थिजवून खातात.

मटणाला हे मानवतं, कारण त्याचे स्नायू चिवट, त्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊती भरपूर. थोडं सैल झालं तर बरंच. मासा पाण्यात तरंगणारा जीव. त्याला वजन पेलायचं नसतं, म्हणून त्याच्या स्नायूंमध्ये अशा बांधणाऱ्या ऊती फार थोड्या, आणि त्याही कमी उष्णतेत विरघळणाऱ्या. मुळातच नाजूक असलेल्या बांधणीवर रात्रभर कात्री चालवली तर काय उरणार? वाटण आत फारसं शिरत नाही, म्हणून गाभा वाचतो आणि बाहेरचा थर जातो. मांदेलीसारखी बारीक मासळी असेल तर गाभा म्हणून काही नसतोच, ती सबंध विस्कटते.

दुसरी गंमत तापमानाची. फ्रीजमध्ये हे विकर मंदावतं, थांबत नाही. साठ अंश सेल्सिअसच्या आसपास ते सर्वात जोरात काम करतं आणि सत्तरच्या पुढे झपाट्याने निकामी होतं. आता आपण काय करतो बघा: मासा फुटेल या भीतीने आच मंद ठेवतो, वर झाकण घालतो. म्हणजे बाहेरचा थर नेमका त्या साठ अंशांच्या टापूत जास्तीत जास्त वेळ रेंगाळत ठेवतो. मी दीड वर्ष अगदी हेच करत होते, आणि जितकं बिघडलं तितकी आच आणखी कमी करत गेले.

कालवण का वाचतं तेही यातच आलं. फोडणीत आलं तेलात चुरचुरलं की विकर संपलं, राहिला फक्त स्वाद. तयार पेस्ट टिकावी म्हणून बहुतेक वेळा तापवलेली असते, आम्लही घातलेलं असतं, त्यामुळे तिच्यात जोर नसतो (स्वादातही नसतो, ते वेगळं).

पडताळून पाहिलं

एकाच सुरमईच्या, शेजारशेजारच्या चार तुकड्या घेतल्या. पहिलीला नुसतं हळद-मीठ, रात्रभर. दुसरीला ताजं आल्याचं वाटण, रात्रभर. तिसरीला तेच वाटण, पण तळण्याआधी पंधरा मिनिटं. चौथीला आलं चमचाभर तेलात दोन मिनिटं परतून, पूर्ण गार करून, मग रात्रभर. चारही एकाच तव्यावर, एकाच वेळी.

दुसरी फुटली. बाकी तिन्ही उलथन्यावर सबंध उठल्या. चौथी खाऊन नवरा म्हणाला, "हीच कर." आतपर्यंत मुरलेली, पण पाकळी पाकळी सुटणारी. तिसरी वरून जास्त झणझणीत होती, आत मात्र अळणी वाटली, कारण मिठालाही वेळ मिळाला नव्हता.

तर उपाय

वेळ नसेल तर कच्चं आलं लावा, पण दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको, आणि त्या आधी हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवा, म्हणजे अळणीपणाचा प्रश्न येणार नाही. तवा आधी चांगला तापवा, तेल तापू द्या, मग तुकडी टाका. पहिली दोन-तीन मिनिटं आच मध्यमच्या वर, झाकण नाही, हलवाहलवी नाही. एक बाजू पक्की झाली की ती आपोआप तवा सोडते. त्यानंतर आच कमी केली तरी चालेल.

आदल्या रात्री लावून ठेवायचंच असेल, म्हणजे सोमवार ते शुक्रवार नोकरी करणाऱ्या घरात दुसरा मार्ग नसतोच, तर आल्याला आधी चटका द्या. याचे तीन प्रकार मी केले. तेलात परतणं सर्वात चवदार, पण आल्याचा हिरवट तिखटपणा जाऊन गोडसर, मवाळ स्वाद येतो. आल्याच्या चकत्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून, मग वाटणात घालणं हा मधला मार्ग, हिरव्या वाटणाला तो बरा. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर वाटण वाफ येईपर्यंत फिरवलं तरी काम होतं, पण कोथिंबीर काळी पडते, म्हणून आलं एकटंच फिरवावं. तिन्हीत एक पथ्य: गार झाल्याशिवाय माशाला लावायचं नाही.

अर्धा किलो माशाला, म्हणजे पाच-सहा तुकड्यांना, माझं प्रमाण असं: परतलेलं आलं एक चमचा, लसणाच्या सहा पाकळ्या, दोन तिखट मिरच्या, मूठभर कोथिंबीर, पाव चमचा हळद, दोन चमचे आगळ, मीठ. आणि ताज्या आल्याचा तो झटका हवाच असेल तर थोडं आलं अगदी बारीक किसून, लिंबाच्या रसात कालवून, ताटात वाढताना तुकडीवर. तिथे ते काही बिघडवायच्या आत पोटात गेलेलं असतं.

या उपायात दोन फसव्या वाटा आहेत, दोन्हींवरून मी चालून आले. पहिली, वाटणाऐवजी आल्याचा रस. वाटलं की चोथा नाही, म्हणजे चिकटणार नाही, जळणार नाही. ते खरं आहे, पण विकर रसातच असतं, आणि रस तुकडीभर सारखा पसरतो. माझी सर्वात वाईट फुटलेली सुरमई याच प्रयोगातली. रस वापरायचा तर आधी मिनिटभर उकळा. दुसरी, फ्रीजरमध्ये ठेवलेल्या आलं-लसणाच्या वड्या. गोठवल्याने विकर मरत नाही. वितळलं की पुन्हा कामाला लागतं. वड्या करतानाच आलं परतून घेतलं तर पुढचा प्रश्न मिटतो. त्याच न्यायाने मासा फ्रीजरमध्ये टाकायचा असेल तर हळद-मीठ लावून टाका, आलं लावून नाही. वितळायला तीन-चार तास जातात, तेवढा वेळ त्याला पुरतो.

आणि लिंबू घातलंय म्हणून आलं गप्प बसेल यावर विसंबू नका.

दोष आल्याचा नसेल तेव्हा

सगळाच लगदा आल्यामुळे होत नाही, म्हणून ओळखायची खूण सांगते. आल्याने बिघडलेला मासा बाहेरून लिबलिबीत आणि आतून ठीक असतो. लिंबू किंवा व्हिनेगर जास्त वेळ राहिलं तर उलटं होतं: बाहेरचा थर पांढरट, घट्ट, खडूसारखा कोरडा. कच्ची तुकडीच शिजल्यासारखी दिसायला लागली की समजा आंबट जास्त झालं. फ्रीजरचा मासा खराब गोठवला असेल तर तो आतबाहेर सगळाच सैल असतो आणि तव्यावर पाणी पाणी सोडतो. तसा मासा रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवून, कापडाने टिपून, कालवणात घालावा. फ्रायचा हट्ट धरू नये.

बोंबील तर जन्मजातच पाणीदार. ते उभे चिरून, दोन पाटांमध्ये वजनाखाली दाबून पाणी काढलं नाही तर कोणतंही आलं लावा वा न लावा, फुटणारच.

वास जावा म्हणून आलं घालता का?

हा प्रश्न वेगळा आहे, पण बहुतेक जण आलं जास्त घालतात ते याचसाठी, म्हणून यावर थोडं थांबते. समुद्री माशाचा हिवस वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा. मासा मेल्यावर जिवाणू त्याच्या अंगातल्या एका निर्गंध द्रव्यापासून ते तयार करतात. ते अल्कधर्मी असतं, त्यामुळे आंबट लावलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि ते हवेत उडत नाही. म्हणून कोकम, चिंच, आगळ, लिंबू. वास मारण्याचं खरं काम आंबट करतं. आलं त्यावर स्वतःचा सुवास पसरतं. म्हणजे दुप्पट आलं घालून काही साधत नाही, अर्धा चमचा आगळ जास्त घालून साधतं. कोकणात बांगड्याला तिरफळ घालतात, तेही याच कामाला, आणि माझ्या मते बांगड्याच्या बाबतीत आल्यापेक्षा सरस.

उजनी धरणातली चिलापी किंवा रोहू-कटला या गोड्या पाण्यातल्या माशांचा वास मात्र हिवस नसतो, मातकट असतो. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातलं जिओस्मिन नावाचं द्रव्य या माशांच्या चरबीत साठतं. त्यालाही आंबट लागू पडतं, आणि इथे आलं मोकळ्या हाताने घालावं. रस्सा उकळून मासा सोडल्यावर आल्याच्या सुतासारख्या काड्या वरून टाकल्या तर चिलापी ओळखू येत नाही. पोटातली काळी पातळ त्वचा खरवडून काढायला मात्र विसरू नका, कडवटपणा आणि वास बराचसा तिथे असतो.

मासा खरंच उतरला असेल, तर आल्याने तो लपवू नका. बांगडा, सुरमई, टूना या जातीच्या माशांना थंडी नीट मिळाली नाही तर त्यांच्यात हिस्टामाइन साचतं. ते शिजवून जात नाही. अंगावर लाली, खाज, डोकेदुखी सुरू होते आणि आपण समजतो मासा बाधला. नाकाला शंका आली तर टाकून द्या, शंभर-दोनशे रुपयांचं दुःख करू नका.

धागे आणि करपणं

हे दोन किरकोळ. दाताखाली धागे येतात ते जून आल्यामुळे. मार्केट यार्डातून येणारं सातारी आलं सुवासाला झणझणीत, पण लागवडीपासून वर्ष उलटून गेलेलं, जुनं म्हणून विकलं जाणारं आलं तंतुमय असतं. माशाला नवं, पातळ सालीचं, नखाने साल निघणारं घ्या. तसं मिळालं नाही तर मिक्सरमध्ये टाकण्याआधी आलं धाग्यांच्या आडवं, कागदासारखं पातळ कापा. उभे तुकडे टाकले की पात्याला लांब तंतूंची गुंडाळी बसते आणि वाटण निम्मंच वाटलं जातं.

करपून कडू होतं ते वाटण तुकडीवर जाड थराने राहिल्यामुळे. मुरल्यावर बोटाने निपटून काढा, पातळ लेप राहू द्या, मग रव्यात घोळवा. निपटलेलं वाटण टाकू नका, शेवटी त्याच तेलात परतून भाताबरोबर घ्या. ते कच्च्या माशाला लागलेलं असतं, म्हणून चांगलं चुरचुरू द्यायचं.

आज रात्रीचंच बिघडलं असेल तर

तुकड्या लावून ठेवल्यात आणि हे आत्ता वाचताय, तर फ्रीजमधून काढून दाबून बघा. बोटाला वरचा थर मऊ, चिकट लागला तर फ्राय विसरा. काटे काढून मासा हाताने कुस्करा. उकडलेला बटाटा, बारीक कांदा, कोथिंबीर, भिजवून पिळलेला पाव, थोडं मीठ-तिखट. चपट्या टिक्क्या थापून रव्यात घोळवून तळा. मऊ झालेला मासा इथे उलट फायद्याचा, मिसळून येतो. त्यात हवं तर अजून ताजं आलं किसून घाला, लगेच तळायचं आहे. दिरांना मी हल्ली हेच वाढते.